रत्नागिरीकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा रिव्ह्यू: भावाला ठेवलं होतं, जे पाहिलं ते लिहितेय

पाचपैकी चार स्टार. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडची गावं एवढीशी आहेत की नाव दिलं तर त्या महिन्यात आत कोण कोण होतं ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या बंदरावर कळेल, आणि आतल्या बाकीच्या माणसांची परवानगी मी घेतलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलंच आहे, हायवेपासून थोडं आत, प्रायव्हेट, पंचवीस-तीस खाटांचं, एवढं पुरे. नाव नसलं तरी हे वाचून उपयोग होईल कारण केंद्र कुठलंही असो, बघायचं काय ते सगळीकडे सारखंच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. केंद्र चांगलं की वाईट ते दोन गोष्टींवरून कळतं, पहिल्या चार रात्री आत डॉक्टर किंवा नर्स असते का, आणि पेशंट घरी आल्यानंतर केंद्रवाले फोन उचलतात का. बाग, योगा, एसी, हॉलमधला मोठा टीव्ही, हे सगळं नंतर. फोटोत नेमकं हेच दाखवतात म्हणून सांगतेय.

पेशंट म्हणजे माझा धाकटा भाऊ. ट्रॉलरवर खलाशी, वय चौतीस, लग्न झालंय, एक मुलगी. व्यसन दारूचं. आधी बोट लागल्यावर बंदरावर, मग बोटीवर, मग सकाळी उठल्या उठल्या. शेवटी शेवटी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा आणि जाळं शिवायची सुई तर हातात थांबतच नव्हती, आणि जाळं शिवण्यात त्याचा हात धरणारा आमच्या वाडीत कोणी नव्हता. ते त्यालाच जास्त लागलं असं मला वाटतं, कारण आमच्या ओरडण्याने कधी काही झालं नाही, पण सुई धरता येईना तेव्हा तो स्वतःहून म्हणाला की ताई बघ कुठेतरी.

आता इथली परिस्थिती थोडी सांगते कारण त्याशिवाय केंद्र कसं निवडायचं ते कळत नाही. बाहेरच्यांना हल्ली कोकण म्हटलं की चरस आठवतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर, कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे, मुरूड असं सगळीकडे चरसची पाकिटं वाहून आली होती, कस्टम्सने दोनशे किलोच्या वर माल गोळा केला, तिकडे श्रीवर्धनच्या बाजूलाही सापडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खोपोलीला कारखान्यात एमडी बनत असल्याचं पोलिसांनी उघड केलं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पोरं म्याऊ म्याऊ म्हणतात ते, २०१५ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. ह्या बातम्या खऱ्या आहेत आणि गंभीर आहेत, मी कमी लेखत नाही. पण भावाच्या वॉर्डात जाऊन बसलात तर काय दिसतं? दारू, दारू, दारू, मध्ये एखादा गांजावाला पोरगा, मुंबईत कामाला असताना गर्द (ब्राऊन शुगर) लागून परत आलेला एखादा चाकरमानी, आणि पुन्हा दारू. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला सर्व्हे २०१९ मध्ये आला त्यातही हेच आहे, देशात १० ते ७५ वयातले साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. गांजा-भांग-चरसवाले तीन कोटींच्या घरात. आणि मला सगळ्यात लागलेला आकडा म्हणजे दारूचं पक्कं व्यसन लागलेल्या ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळतात, ॲडमिट होऊन उपचार तर १८० त एकाला. आमच्या वाडीत डोळ्यासमोर जेवढे आहेत त्यांच्याकडे बघून मला ते पटतं.

इथे दारू मिळायला कष्ट नाहीत. खाली बांद्याच्या पलीकडे गोवा, तिथे टॅक्स कमी म्हणून बाटली स्वस्त, ती चेकनाक्यावर पकडली जाते तरी वर येतच असते. शिवाय गावठी, शिवाय माडी, आणि माडीला तर घरची माणसंसुद्धा दारू म्हणत नाहीत, पोटाला थंड म्हणून देतात. बोटीवरचा हिशेब वेगळाच. सीझनच्या आधी मालकाकडून उचल घ्यायची, ती हातात रोख येते, मग पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा काम नाही, हातात वेळच वेळ. आंब्याच्या बागांमध्ये आणि बोटींवर नेपाळहून आलेली पोरं आहेत, त्यांचं तर घरही इथे नाही, आजारी पडली तर बघणार कोण. केंद्रात एक तसा होता, त्याला भेटायला कोणीच यायचं नाही, माझी आई त्याच्यासाठी पण डबा न्यायची.

शोधायला सुरुवात केली तेव्हा मी १४४४६ ला फोन केला, हा सरकारचा टोल फ्री नशामुक्ती हेल्पलाइन नंबर आहे. फोनवरच्या मॅडम घाईत नव्हत्या, किती वर्षं, किती पितो, सकाळी प्यायल्याशिवाय हात थरथरतात का, कधी फिट आलेली का, हे सगळं विचारलं आणि मग सांगितलं की असं असेल तर घरी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा. हे वाक्य मी इथे मोठ्याने लिहितेय कारण आमच्याकडे उपाय म्हणून हेच करतात, खोलीत कोंडायचं, बाटली बंद, दोन दिवसांत सुधारेल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवसापासूनच थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या आसपास काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, त्यात माणूस जातो. गावात देवाची शपथ घालून सोडायला लावलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी बाहेरचं लागलं असं म्हणतात ते पुष्कळदा हे असतं. शपथ घाला, माळ घाला, माझा विरोध नाही, पण आधी डॉक्टर.

मग फोन करत सुटले. एका ठिकाणी (लांबचं, आमच्या जिल्ह्यातलं नाही) विचारलं की पेशंट ऐन वेळी नाही म्हणाला तर, तर समोरचा लगेच म्हणाला ताई टेन्शनच घेऊ नका, आमची चार पोरं गाडी घेऊन येतात, पहाटे झोपेतच उचलतात, तुम्ही फक्त सही करा आणि तीन महिन्यांचे पैसे भरा, मध्ये भेटायचं नाही, फोन नाही. आई बाजूलाच बसलेली, तिने ऐकलं आणि म्हणाली, "त्याला डांबून नाय ना ठेवनार गो?" मी फोन ठेवला. ही उचलून नेण्याची सर्व्हिस किती घरांनी नाइलाजाने घेतली असेल मला कल्पना आहे, मार खाणाऱ्या बायकोला आपण बाहेरून शहाणपण शिकवू शकत नाही, पण कायदा काय आहे तो माहीत असू दे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे आजारही धरलेत. पेशंट स्वतः तयार असेल तर साधी भरती. तयार नसेल आणि अवस्था खरंच धोक्याची असेल तर त्याच्यासाठी नेमलेल्या घरच्या माणसाच्या अर्जावर भरती करता येते, पण एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका डॉक्टरने किंवा तज्ज्ञाने त्याला वेगवेगळं तपासायला लागतं, आणि पहिल्या खेपेला ती तीस दिवसांपर्यंतच. साखळीने बांधणं कुठल्याही परिस्थितीत बंद. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ पेशंट पळता न आल्याने जळून मेले, ते वाचल्यापासून कुलूपबंद खोलीचा विषय निघाला की माझ्या अंगावर काटा येतो. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा की राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तुमची नोंदणी आहे का आणि सर्टिफिकेट बघायला मिळेल का. ज्यांच्याकडे असतं ते चिडत नाहीत. जे चिडतात त्यांच्याकडे जायचंच नाही.

आमच्या केंद्राने हा प्रश्न विचारल्यावर सर्टिफिकेटचा फोटोच पाठवला. दुसरं म्हणजे तिथल्या समुपदेशक सरांनी ॲडमिशनच्या आधी भावाशी स्वतः फोनवर बोलून घेतलं, आम्हाला बाहेर जायला सांगितलं, अर्धा तास तरी बोलले असतील. काय बोलले ते त्याने अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी बॅग त्याने स्वतः भरली.

आता पहिल्या रात्री. इथेच मी चार स्टार दिलेत. गेल्या गेल्या रक्त तपासणी, लिव्हर, साखर, बीपी. रात्री एक नर्स सिस्टर हजर, डॉक्टर नुसते फोनवर नव्हेत, तिथेच मागच्या खोलीत राहायला. पहिल्या काही दिवसांत घरच्या एकाला जवळ थांबू देतात, हे फार कमी ठिकाणी करतात, मी थांबले. दारूच्या जागी तात्पुरती एक गोळी चालू करतात आणि रोज थोडी थोडी कमी करत नेतात, ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणून द्यायची नसते कारण तिचीही सवय लागते. सलाइन लावायच्या आधी सिस्टरनी एक पिवळं इंजेक्शन दिलं, मी विचारलं तर म्हणाल्या बी-वन आहे, थायमिन, पिणाऱ्याच्या अंगात हे संपलेलं असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मला धक्काच बसला, कारण आमच्याकडे दारुडा पडला की पहिलं काय, तर नाक्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोज चढवून आणायचं.

दुसऱ्या रात्री भाऊ उठून बसला आणि चादरीचं टोक हातात घेऊन बोटांनी काहीतरी सोडवायला लागला. मला कळेना. मग तो म्हणाला, ताई धर ना तिकडून, गुंतलंय सगळं. तो जाळं सोडवत होता. डोळे उघडे, मला ओळखत होता, पण आपण बोटीवर आहोत असं त्याला वाटत होतं आणि तांडेल (बोटीचा मुख्य) ओरडतोय म्हणत होता. सिस्टर आल्या, दिवा मोठा केला, त्याच्याशी हळू बोलल्या, आत्ता रात्र आहे, तू दवाखान्यात आहेस, ही तुझी ताई, आणि डॉक्टरांना उठवलं. डॉक्टरांनी डोस वाढवला, बीपी सारखं बघत राहिले, म्हणाले पहाटेपर्यंत उतरलं नाही तर गाडी तयार आहे, सिव्हिलला हलवू. कोणी हात बांधले नाहीत, कोणी खेकसलं नाही. सकाळपर्यंत कमी झालं. त्या रात्री तो घरी कोंडलेला असता तर आम्ही काय केलं असतं त्याचा विचारही मला करवत नाही. सिस्टर मूळच्या गुहागरकडच्या, पगार किती असेल हो त्यांना, पण अख्खी रात्र पायावर उभ्या होत्या. त्यांच्यासाठी मी सहावा स्टारही दिला असता.

त्यानंतरचे दिवस साधे. सकाळी लवकर उठणं, प्रार्थना, पीटी, स्वतःची ताटं स्वतः घासायची, झाडू मारायचा, मग ग्रुप, दुपारी शेअरिंग, संध्याकाळी कॅरम. जेवण ठीक, पण मासे आठवड्यातून एकदाच, त्यावरून आमच्या खलाशी मंडळींची रोज कुरकुर. शेअरिंगमध्ये खरं काम होतं असं भाऊ म्हणतो. आपल्यासारखाच कोणीतरी उभा राहून सांगतो की मी पोरीच्या शाळेच्या फीचे पैसे प्यायलो, आणि कोणी हसत नाही. पुण्याच्या मुक्तांगणमुळे महाराष्ट्रात ही पद्धत घराघरात माहीत झाली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ ला ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत केली होती, आणि आमच्या केंद्रातले एक कार्यकर्ते स्वतः पूर्वी तिथून बरे होऊन आलेले. असा माणूस स्टाफमध्ये असला की पेशंट थापा मारू शकत नाही, त्याला सगळ्या थापा पाठ असतात.

घरच्यांसाठी रविवारी वेगळं सेशन असतं आणि ते सक्तीचं आहे, मला हे फार आवडलं. वहिनीला तिथे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की त्याच्या पिण्याला तू कारण नाहीस. ती इतकी वर्षं सासरचं, माहेरचं, शेजारपाजारचं ऐकून घेत होती की बायको नीट असती तर नवरा प्यायला असता का. ती तिथेच रडली. सेशन घेणाऱ्या मॅडमनी तिला पाणी दिलं आणि रडू दिलं, घाई केली नाही. मग व्यवहाराचं बोलल्या, की बोटीच्या मालकाला त्याची तब्येत बरी नाही म्हणून खोटे फोन करायचे बंद करा, त्याची उधारी तुम्ही फेडायची नाही, आणि पुढच्या सीझनची उचल रोख न घेता बायकोच्या खात्यात जमा करायला मालकाला सांगा. हे तिसरं एवढं साधं आहे पण आमच्या डोक्यात आलं नव्हतं. मालकही लगेच तयार झाला, त्यालाही दर्यात शुद्धीत असलेला खलाशी पाहिजेच ना.

आता जे आवडलं नाही ते. पहिलं म्हणजे पैसे. महिन्याचे पंधरा हजार सांगितले होते, पण रक्त तपासणी, औषधं, इंजेक्शनं वेगळी, ते आधी सांगितलं नाही, बिल बघून आईचा चेहरा उतरला. आधीच एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे, माणसं गळ्यातलं गहाण ठेवून येतात तिथे. दुसरं, तंबाखू. दारू सोडायला आलेली माणसं ब्रेकमध्ये सर्रास तंबाखू मळत बसतात, बॅगांच्या अस्तरातून गुटख्याच्या पुड्या निघतात. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे आणि केंद्रातल्या बॅगेत मिळतो. एका वेळी सगळं सुटत नाही असं सर म्हणतात, मला पटलं नाही, हा विषय त्यांनी निदान काढायला तरी पाहिजे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. एकोणीस वर्षांचा गांजावाला पोरगा आणि पंचावन्न वर्षांचे दारू पिणारे काका, दोघांना एकच ग्रुप, एकच लेक्चर. तो पोरगा कॉलेजातला, घाबरलेला, त्याला वाटायचं मागून कोणी बोलतंय. गांजा एवढासा, झाडपाला, काही होत नाही असं त्याच्या मित्रांनी सांगितलेलं, आणि कमी वयात जास्त गांजा ओढणाऱ्यांमध्ये असे भ्रमाचे आजार होण्याचा धोका वाढतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला लिव्हरवरचं लेक्चर ऐकवून काय उपयोग? त्याच्या बापाला तर वेगळीच भीती, की पोलिसात नाव जाईल म्हणून सहा महिने लपवून ठेवलं. त्यांच्यासाठी आणि अशा सगळ्या आईबापांसाठी लिहिते, एनडीपीएस कायद्यात ६४अ कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर नशा केल्याबद्दल किंवा जवळ अगदी थोडा माल सापडल्याबद्दलच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते, मात्र उपचार पूर्ण करायचे. विकणाऱ्याला ही सूट नाही. दवाखान्यात नेलं म्हणून पोलीस दारात येतील ही भीती मनातून काढून टाका.

आणि बायकांसाठी इथे काहीच सोय नाही. मी विचारलं तर म्हणाले पुण्याला न्या, मुक्तांगणला निशिगंध म्हणून बायकांचा वेगळा विभाग आहे. चांगला आहे असं ऐकलंय, पण खेडच्या नाहीतर राजापूरच्या बाईने घाट चढून पुण्याला जाऊन महिनाभर राहायचं हे किती घरांना जमेल? बायका पीत नाहीत असं धरून चाललेत सगळे. पितात, आणि गोळ्याही खातात, फक्त घराच्या आत.

प्रायव्हेट परवडत नसेल तर रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, नावाला घाबरू नका, वेड्यांचं इस्पितळ वगैरे जुन्या गोष्टी झाल्या, ओपीडीत मानसोपचारतज्ज्ञ असतात आणि व्यसन हा त्यांचाच विषय आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागाकडे विचारा. सिंधुदुर्गातली माणसं बांबोळीला जातात, जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या बाजूला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे. आणि ज्याचं अजून सकाळी उठून पिण्यापर्यंत गेलेलं नाही त्याला ॲडमिट करायची गरजच नसते पुष्कळदा. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, जास्त पिणाऱ्या पुरुषांवर अभ्यास केला होता, डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी त्यांच्याशी थोड्या बैठकांमध्ये नीट बोलायचं, बस, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं पिणं कमी झालं, २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं ते. आपल्या आरोग्य केंद्रांत आशाताई आहेत, त्यांना असं ट्रेनिंग दिलं तर काय होईल, हा प्रश्न मी आमच्या जिल्हा परिषद सदस्यांना विचारलाय, उत्तर यायचंय.

घरी आल्यानंतरचं. केंद्र दर आठवड्याला फोन करतं, पहिले तीन महिने, आणि तो फोन खरंच येतो. भावाला डायसल्फिराम चालू केली, म्हणजे ती गोळी घेतली आणि वर दारू प्यायली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या, बीपी पडतं. त्याला सगळं समजावून, त्याची सही घेऊन दिली, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे दारू चालत नाही हेही सांगितलं. हे मुद्दाम लिहिते कारण भिंतींवर जाहिराती असतात ना, पेशंटला न कळता दारू सोडवा, चहात टाका, भाजीत टाका, त्या पुड्यांमध्ये काय असतं देव जाणे, पण हेच औषध कोणी चोरून घातलं आणि तो बाहेर जाऊन पोटभर प्यायला तर जिवावर बेतेल. कृपा करून आईच्या, बायकोच्या हातून हे होऊ देऊ नका. गर्दवाल्यांच्या घरच्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय गेलेली असते, त्याने पूर्वीएवढाच डोस घेतला तर तो उठणार नाही. त्यांच्यासाठी सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं मिळतात, ती एका व्यसनाच्या जागी दुसरं व्यसन नाही, त्यांनी माणसं जगतात.

गणपतीत चाकरमानी आले, रात्री आरतीनंतर मागच्या पडवीत बाटली निघाली. गोळी त्याने दोन-तीन आठवडे घेतलीच नव्हती, वहिनीला सांगितलं पण नव्हतं. प्यायला. वहिनीने रात्री साडेअकराला केंद्राचा नंबर लावला आणि सरांनी उचलला. ओरडले नाहीत. म्हणाले किती प्यायलाय, आता झोपू दे, सकाळी मला फोन द्यायला सांगा, परवा या घेऊन. नेलं. पुन्हा ॲडमिट केलं नाही, पैसे उकळायला सोपं होतं त्यांना, पण नाही केलं, दोन दिवस येऊन ग्रुपला बसायला सांगितलं. गोळी आता वहिनीच्या समोर घेतो, हेही त्यानेच ठरवलं. जवळच्या शाळेत संध्याकाळी एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंग असते तिथे जातो, फुकट आहे, नाव विचारत नाहीत. ह्या सीझनला बोटीवर गेलेला नाही, बंदरावरच जाळी दुरुस्तीला बसतो, पैसे कमी मिळतात. बोटीवर जायचं की नाही यावरून घरात वाद चालू आहेत, सर म्हणतात एक सीझन जाऊ दे, आई म्हणते खायचं काय, दोघांचंही बरोबर आहे.

जाणार असाल तर आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि आधी कधी फिट आली असेल तर ती कधी आली ते लिहून न्या. शेवटचं किती वाजता प्यायला ते डॉक्टरला खरं सांगा, लाज बाळगू नका, पहिल्या रात्रीचा सगळा हिशेब त्यावरच असतो. औषधं आणि तपासण्या धरून खर्च किती होईल ते लेखी मागा. पावसाळ्यात जागा लवकर भरतात, बोटी बंद असतात म्हणून, तेव्हा मे महिन्यातच फोन करून ठेवा. तरुण पोरांसाठी वेगळा ग्रुप करायचं सरांनी मनावर घेतलंय, माणूस शोधतायत म्हणाले, तो सुरू झाला की मी पुन्हा जाऊन बघणार आहे आणि इथे पाचवा स्टार टाकणार आहे.